आधी शिक्षिका, मग इमारत

अमेरिकन मराठी मिशनच्या सिंथिया फरारबाई १८३९ मध्ये मुंबईहून नगरला (आजच्या अहिल्यानगरला) आल्या आणि १८६२ मध्ये इथेच वारल्या. मुलींना शिकवून उपयोग काय, असे घरोघरी विचारले जाण्याच्या त्या काळात त्यांनी मुलींच्या शाळा चालवल्या. तरी त्यांचे सर्वांत मोठे काम मला वेगळेच वाटते. सावित्रीबाई फुल्यांनी अध्यापनाचे धडे त्यांच्याकडे गिरवले, आणि १८४८ पासून त्याचा लाभ पुण्यातल्या मुलींना झाला. शाळा एका गावाची असते. घडवलेली शिक्षिका पुढे अनेक गावांची होते. आज अहिल्यानगर जिल्ह्यात एखादी उद्योजिका स्वमग्न मुलांसाठी केंद्र काढत असेल, तर तिचे मोल याच मापाने करावे.

‘हे मूल शिकण्यातले नाही’ हा शेरा पूर्वी मुलींना होता, तोच स्वमग्न आणि इतर अपंग मुलांच्या वाट्याला आला, आणि तो खोडायला बहुधा आयाच पुढे झाल्या. मुलगी दीनासाठी जेरबाई वकील यांनी पती डॉ. होरमसजींसह मुंबईत १९४४ मध्ये शाळा सुरू केली. तीच आजची जय वकील शाळा. मुलगी मालिनीसाठी मिठू अलूर यांनी १९७२ मध्ये स्पास्टिक्स सोसायटी उभी केली. मुलाच्या स्वमग्नतेतून मेरी बरुआंनी १९९१ मध्ये दिल्लीत ‘अॅक्शन फॉर ऑटिझम’ काढली आणि शिक्षक घडवण्यावर भर दिला. कायदा मात्र मागून आला. १९९५ च्या अपंग कायद्यात स्वमग्नतेचे नावच नव्हते. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ते आले आणि २०१६ च्या कायद्याने २१ अपंगत्वांत त्याला स्थान दिले.

यावर कोणी म्हणेल, हे सरकारचे काम. खासगी केंद्राने सरकार मोकळे सुटते, आणि फी परवडणाऱ्यांचीच सोय होते. आक्षेप रास्त आहे. २०१६ च्या कायद्यानुसार चाळीस टक्के वा अधिक अपंगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क आहे, तो मागायलाच हवा. पण हक्क कागदावर मिळाला तरी वर्गात कोण उभे राहणार? पाण्याचे चित्र उचलून बाईंच्या हातात ठेवले की पाणी मिळते, हे बोलता न येणाऱ्या मुलाला कळावे, एवढ्यासाठी तेच चित्र दिवसामागून दिवस, न कंटाळता, न रागावता पुढे करावे लागते. घंटा, गर्दी, बदललेली जागा यांनी मूल बिथरले तर तो हट्ट नव्हे, हेही ओळखावे लागते. ही तयारी शासन निर्णयाने होत नाही. शिवाय क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा, १४ तालुक्यांचा हा जिल्हा; अकोले तालुक्याच्या डोंगरातली आई रोज नगरला कशी येणार? तिच्या जवळच्या अंगणवाडीसेविकेला आणि खुद्द तिलाच हे शिकवले, तर केंद्र तिच्यापर्यंत पोहोचते. फीच्या प्रश्नावर राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ योजनेचा एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा थोडा आधार देतो; उपचारांचा काही खर्च त्यातून निघतो. केंद्र काढणाऱ्या बाईंनी पहिल्या वर्षीच प्रशिक्षणवर्ग सुरू करावा, आणि देणगीदारांनी खोल्यांआधी त्यासाठी पैसे द्यावेत.