थट्टेचे नाते : मॉडेल टी आणि पाचकळ विनोदाचा इतिहास

नोव्हेंबर १९१५. युरोपात महायुद्ध पेटून सव्वा वर्ष लोटले होते. ते थांबवण्यासाठी 'शांतता-नौका' घेऊन युरोपला जाण्याचा संकल्प मोटार-कारखानदार हेन्री फोर्ड याने सोडला होता, आणि सरकारी पाठिंबा मागायला तो अध्यक्ष वुड्रो विल्सन यांच्या भेटीस गेला. सोबत असलेल्या लुई लॉकनरने या भेटीचा वृत्तान्त पुढे लिहून ठेवला आहे. मूळ विषयाला हात घालण्याआधी फोर्डने अध्यक्षांना एक विनोद ऐकवला. दफनभूमीवरून जाणाऱ्या एकाला भलामोठा खड्डा खणला जाताना दिसतो. "सगळे कुटुंब एकदम पुरायचे आहे काय?" तो विचारतो. खणणारा म्हणतो, "नाही, माणूस एकच. पण आपल्याला फोर्ड गाडीसकट पुरावे असे त्याने मृत्युपत्रात लिहिले आहे. आजवर प्रत्येक खड्ड्यातून तिने त्याला वर काढले. याही खड्ड्यातून काढील असा त्याचा भरवसा होता." विल्सन यांनी उत्तरादाखल एक लिमरिक म्हटले. पाठिंबा मात्र दिला नाही.

विनोद स्वच्छ आहे, सोवळा आहे आणि खरे सांगायचे तर पाचकळ आहे. आपल्या समीक्षेत 'पाचकळ' हा शब्द सहसा निकाल म्हणून येतो. तो उच्चारला की चर्चा संपते. परंतु जो विनोद एका देशाने दहा-पंधरा वर्षे आवडीने सांगितला, आणि ज्याची उजळणी जुन्या गाड्यांचे शौकीन आजही मेळाव्यांत करतात, त्याला असे एका शब्दात निकालात काढता येईल का? शेवट ठाऊक असलेला विनोद माणसे पुन्हा का ऐकतात, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकाने टाळू नये असे वाटते.

आधी गाडीविषयी. 'मॉडेल टी' ऑक्टोबर १९०८ मध्ये बाजारात आली आणि मे १९२७ मध्ये तिचे उत्पादन थांबले. या काळात दीड कोटींहून अधिक गाड्या निघाल्या. आरंभी ८५० डॉलरला मिळणाऱ्या या गाडीचा सर्वांत स्वस्त नमुना १९२५च्या सुमारास २६० डॉलरपर्यंत उतरला. शेतकरी, शाळामास्तर, खेड्यातला डॉक्टर अशा सर्वांच्या दारात ती उभी राहिली. लोकांनी तिला 'टिन लिझी' म्हटले, 'फ्लिव्हर' म्हटले आणि तिच्यावर विनोद रचले. १९१५च्या सुमारास तर निव्वळ फोर्ड-विनोदांच्या स्वस्त पुस्तिका छापून विकल्या जात होत्या.

त्यातले काही मासले पाहा. एका शेतकऱ्याने वादळात चेपलेले पत्र्याचे छप्पर फोर्ड कारखान्याकडे पाठवून दिले. उत्तर आले, 'आपल्या गाडीचा अपघात फारच वाईट दिसतो, तरी दुरुस्त करून पाठवतो.' फोर्डला वेगमापक कशाला? ताशी दहा मैलांवर दिवे खडखडतात, पंधरावर मडगार्ड, वीसवर चालवणाऱ्याचे दात. फोर्डच्या मागे खारी का धावतात? गळून पडणारे 'नट' वेचायला. (इंग्रजीत बोल्टावरच्या चाकीला आणि कवचाच्या फळाला शब्द एकच. कोटी अशी कंस टाकून सांगावी लागली की तिचे जे व्हायचे ते होतेच.)

हे विनोद हवेतून आलेले नाहीत. वेगमापकाचा विनोद घ्या: उत्पादनाच्या बऱ्याच काळात तो गाडीसोबत मिळतच नसे. दिव्यांची वीज इंजिनाच्या मॅग्नेटोवर अवलंबून, त्यामुळे गाडी मंदावली की उजेडही मंदावे. बहुतेक नमुन्यांत पेट्रोलची टाकी पुढच्या बैठकीखाली असे आणि पेट्रोल केवळ उताराने इंजिनाकडे जाई. टाकी अर्धीमुर्धी असताना खडा चढ आला, तर गाडी उलटी वळवून मागल्या मागे चढवावी लागे. हँडल मारताना इंजिनाने उलटा झटका दिला की मनगट मोडे. थंडीत घट्ट झालेल्या तेलामुळे क्लच पुरता सुटत नसे, म्हणून इंजिन लागताच गाडी हँडल मारणाऱ्याच्याच अंगावर येई. अशा यंत्राशी माणूस यंत्राप्रमाणे वागू शकत नाही. तो तिला चुचकारतो, शिव्या देतो, नाव ठेवतो.

बर्गसाँने १९०० साली हास्यावरच्या आपल्या निबंधात सिद्धान्त मांडला होता की जिवंत माणूस यंत्रासारखा वागू लागला की आपल्याला हसू येते. फोर्ड-विनोदात हा सिद्धान्त उलटा झालेला दिसतो. इथे यंत्रच माणसासारखे वागते. रुसते, अडते, खड्ड्यातून वर काढते, मालकाबरोबर पुरलेही जाते. मला याहून उपयोगी वाटते ते रॅडक्लिफ-ब्राऊन या मानववंशशास्त्रज्ञाचे १९४० मधील विवेचन. काही नात्यांत थट्टेची नुसती मुभा नसते, ती जवळजवळ कर्तव्य असते, आणि समोरच्याने ती मनाला लावून घ्यायची नसते, असे तो दाखवतो. दीर-भावजय, मेहुणा-मेहुणी, लग्नातल्या विहिणी माहीत असलेल्या मराठी वाचकाला हे वेगळे समजावून सांगायला नको. फोर्डवाल्याचे आणि त्याच्या फोर्डचे नाते हे असेच थट्टेचे नाते होते. म्हणूनच त्या विनोदात नावीन्याची अपेक्षा नसते. विहिणीला मारलेला टोमणाही नवा नसतो. तो मारला गेला पाहिजे, एवढेच.

अर्थात हे नाते आरंभापासून नव्हते. पत्र्याच्या छपराचा विनोद मुळात वरून खाली फेकलेला दिसतो. पॅकार्डमधून फिरणाऱ्याने फोर्डमधून फिरणाऱ्याला हसावे तसा. पण फोर्डवाल्यांनी तो उचलला आणि स्वतःच सांगू लागले. त्यातला काटा असा निघाला. उपहासाचा विषय झालेल्याने उपहासच आपलासा करावा, ही युक्ती साहित्याच्या विद्यार्थ्याला इतरत्रही भेटते.

फोर्डला या विनोदांचा राग नव्हता. तो ते चवीने सांगे. त्यात हिशेबही होता. १९१७ ते १९२३ या काळात त्याच्या कंपनीने देशव्यापी जाहिरातींवर जवळजवळ काहीच खर्च केला नाही. विनोद फुकट फिरत होते आणि दर विनोदागणिक गाडीचे नाव घेतले जात होते.

आणि इथेच या निर्मळ हास्याला लागून असलेली एक गोष्ट सांगणे भाग आहे. ज्या कारखान्यांत या गाड्या बनत, तिथे हसणे मना होते. १९१३ मध्ये हायलँड पार्कला चालती असेंब्ली लाइन आली, १९१४ मध्ये पाच डॉलर रोज सुरू झाला; पण त्या रोजात बोलणे, गुणगुणणे, शीळ घालणे बसत नव्हते. ओठ न हलवता बोलण्याची कला कामगारांनी साध्य केली होती. तिला 'फोर्ड-कुजबुज' असे नावच पडले होते. मॉडेल टी बंद झाल्यावरही, रिव्हर रूजच्या कारखान्यात शिस्त तीच होती. तिथल्या एका कामगाराला १९४०च्या सुमारास कामावरून काढले ते 'हसला' म्हणून, अशी नोंद कीथ स्वर्डच्या १९४८ मधील फोर्डविषयक पुस्तकात आहे. फोर्ड-विनोदांत शेतकरी येतो, दुरुस्तीवाला येतो, गाढव आणि खारही येते. नट आवळणारा माणूस क्वचितच येतो. नट गळाला की विनोद होतो, तो कोणी आणि किती घाईने आवळला होता हे विनोदाला ठाऊक नसते. 'स्वच्छ' विनोदाची स्वच्छता कधी कधी अशीही असते.

१९२०च्या दशकात शेवर्लेची स्पर्धा वाढली, गाडी जुनाट दिसू लागली आणि विनोदांचा बहर ओसरला. उत्पादन थांबल्यानंतर नऊ वर्षांनी, १९३६ मध्ये, 'न्यूयॉर्कर'मध्ये या गाडीचा निरोप घेणारा एक प्रसिद्ध लेख आला. लेखक 'ली स्ट्राउट व्हाइट', म्हणजे रिचर्ड ली स्ट्राउट आणि ई. बी. व्हाइट ही जोडी. थट्टेचे स्मरणात रूपांतर होते ते या सुमारास. जुन्या मोटारींचे अमेरिकी क्लबही त्याच दशकातले : अँटिक ऑटोमोबाइल क्लब १९३५ चा, हॉर्सलेस कॅरेज क्लब १९३७ चा. रस्त्यावरून गेलेला विनोद पुढे अशा मंडळींनी सांभाळला.

'हॉर्न सोडून सगळे वाजते' हे आपणही अॅम्बॅसडरविषयी ऐकले आहे, एसटीच्या लाल डब्याविषयी ऐकले आहे, आणि कोणाच्या तरी सायकलीविषयीही. अॅम्बॅसडरचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. तिचे शौकीन हे वाक्य आता अधिक मायेने उच्चारतात.

मॉडेल टीच्या शौकिनांत मात्र आता या विनोदांना आणखी एक काम लागले आहे. चढावर गाडी उलटी नेण्याचा विनोद नव्या सभासदाला कळत नाही. मग सांगणारा पुढची बैठक उचलून खालची टाकी दाखवतो, तिच्यात काठी बुडवून पेट्रोल कसे मोजायचे ते दाखवतो, आणि विनोद पहिल्यापासून पुन्हा सांगतो.