परसातील हवापालट

जमीनमहसुलाच्या दप्तरात बदलापूर गावाची भातखाचरे सापडतात, राबासाठी राखलेली वरकस जमीन सापडते, गुरचरण आणि ओढेनाले सापडतात. परंतु घराच्या मागील दारी, विहीर आणि मोरी यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत पिढ्यान्‌पिढ्या जोपासला गेलेला परस मात्र त्या दप्तरात कोठेही आढळत नाही. गावठाणातील जमिनीवर शेतसारा नव्हता, आणि ज्यावर सारा नाही त्यात काय पिकते हे लिहून ठेवण्याचे सरकारास प्रयोजन नव्हते. म्हणूनच दूरदेशींची झाडे आपल्या दारी कशी रुजली याचा इतिहास लिहिला गेला तो गव्हर्नरांचा, वनस्पतिशास्त्रज्ञांचा आणि सरकारी उद्यानांचा. ज्यांनी ती झाडे प्रत्यक्ष जगविली त्या गृहिणींचा आणि माळ्यांचा त्यात नामोल्लेखही नाही. ही उणीव मला फार मोठी वाटते, कारण झाड आणणे हे एका प्रवासाचे काम असते आणि झाड नांदविणे हे अनेक उन्हाळ्यांचे.

बदलापुरात तर ते विशेष कठीण. उल्हास नदीच्या काठी वसलेले हे गाव मुंबईपासून लोहमार्गाने अवघे ६८ किलोमीटर. पर्जन्य दोहीकडे विपुल, अक्षांशही जवळजवळ एकच. एवढ्यावरून मुंबईच्या किनाऱ्यावर जे रुजते ते येथेही रुजावे असे कोणासही वाटेल. परंतु समुद्राची आर्द्र झुळूक येथवर येईतो क्षीण झालेली असते, आणि पूर्वेकडे सह्याद्रीची भिंत उभी असल्यामुळे फाल्गुन संपता संपता जमीन अशी तापू लागते की एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीस अंशांच्या वर जाणे ही येथील नित्याची गोष्ट होय. हिवाळ्यातील पहाटे तोच पारा मुंबईच्या मानाने कितीतरी खाली उतरतो. शिवाय, वर्षभराचा बहुतेक सर्व पाऊस चार महिन्यांत कोसळून गेल्यावर उरलेले आठ महिने आकाश कोरडे. ज्या झाडाला बारमाही ओलावा आणि समशीतोष्ण रात्र हवी, त्याला आषाढात येथे मुळे कुजण्याचे भय आणि वैशाखात पाने करपण्याचे. म्हणजे एकाच अंगणात एका वर्षात त्याला दोन निरनिराळ्या देशांचे हवामान सोसावे लागते.

या दोहोंमधून जुन्या परसाने जी वाट काढली ती पाहण्यासारखी आहे. न्हाणीघराच्या आणि भांडी घासण्याच्या मोरीचे सांडपाणी एका उथळ चरातून बाहेर काढलेले असे. त्याच्या तोंडाशी अळू, कारण त्याला पाय भिजलेले चालतात, अळवापलीकडे कर्दळ, आणि चर जेथे जमिनीत जिरतो तेथे केळीचे बेट. चुलीतली राख भांड्यांवरून धुऊन याच चरात येई आणि केळीला आयते खत मिळे. केळीची रुंद पाने पश्चिमेचे ऊन अडवीत; त्या आडोशाला हळद, आले आणि एखादे सुपारीचे रोप. सुपारीला दुपारनंतरचे तिरपे ऊन सोसत नाही. कोवळ्या खोडाची साल नैर्ऋत्येच्या अंगाने भाजते आणि पुढे त्याच जागी खोड मोडते. म्हणून जाणते लोक उन्हाळ्यात त्या बाजूने सुपारीचीच गळून पडलेली विरी खोडाभोवती बांधून ठेवीत. पपई मात्र मोरीपासून दूर, उंच वरंब्यावर, कारण आषाढात बुंध्याशी दोन दिवस पाणी तुंबले तर बुंधा कुजून उभे झाड आडवे होते. कुंपणाला शेवगा, विहिरीजवळ नारळ, आणि पावसाळ्यात पडवळ-दोडक्यांसाठी घातलेला मांडव. हे सारे शोभेसाठी मांडलेले नव्हते. प्रत्येक झाडाची जागा त्याच्या मूळ देशातील हवा ध्यानी घेऊन, किंवा त्याने येथे काय सोसले हे पाहून, ठरलेली होती.

यांतील आधी आले कोण आणि मागाहून आले कोण, याचा शोध घेऊ लागलो की बराच मागे जावे लागते. नारळाची ख्याती कोकणाचा कल्पवृक्ष म्हणून. परंतु तोही सागरमार्गाने पसरलेला वृक्ष आहे, आणि त्याची पद्धतशीर लागवड या प्रांतात किती प्राचीन आहे याची साक्ष नाशिकच्या पांडवलेण्यांतील शिलालेख देतो. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने नानंगोल गावची बत्तीस हजार नारळीची झाडे दान दिल्याचा उल्लेख त्यात आहे, आणि दान घेणाऱ्यांच्या ठिकाणांत शूर्पारक, म्हणजे आपले सोपारे, हेही आहे. पुढे इ. स. १०६० मध्ये, शके ९८२ त, शिलाहारांच्या राजवटीत अंबरनाथचे शिवालय उभे राहिले, तेव्हा त्याच्या परिसरात नारळ, केळ, फणस असतील. पण पेरू, पपई, अननस, सीताफळ, काजू, चिकू, मिरची यांपैकी एकही गोष्ट त्या शिल्पकारांच्या दृष्टीस पडलेली नव्हती. आपण दसऱ्याला ज्या झेंडूची तोरणे दारी लावतो तोही मेक्सिकोचा, आणि देवळाच्या आवारात हमखास आढळणारा खुरचाफाही अमेरिकेचाच.

यांतील बहुतेक मंडळी पोर्तुगिजांच्या गलबतांतून आली. १५३४ मध्ये वसई त्यांच्या ताब्यात आली आणि १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी ती जिंकून घेतली. या दोन शतकांत उत्तर कोकणच्या बागाइताचे स्वरूप पालटून गेले. गोव्याचा वैद्य गार्सिया द ऑर्ता, ज्याच्याकडे मुंबई बेट खंडाने होते, त्याने १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या आपल्या ग्रंथात मुंबईच्या आपल्या जागेतील वर्षातून दोनदा फळणाऱ्या आंब्याचे कौतुकाने वर्णन केले आहे. परंतु काजूचा उल्लेख त्यात नाही. तो १५७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या क्रिस्तोव्हाँ द अकोस्ताच्या ग्रंथात येतो. नव्या झाडांचा प्रसार किती त्वरेने होत होता हे कळण्यासाठी जहांगीर बादशहाची आत्मकथा पाहावी. फिरंग्यांच्या बंदरांतून आलेले अननस आग्ऱ्याच्या गुलअफशान बागेत दरवर्षी हजारोंनी निपजतात असे तो अभिमानाने लिहितो. आग्ऱ्याची थंडी आणि आग्ऱ्याची लू ज्यांनी सोसली आहे त्यांना त्या बागवानांचे कसब काय असेल याची कल्पना करता येईल.

एकोणिसाव्या शतकात या व्यवहाराला संस्थांचे रूप आले. पुण्याजवळ दापोडीस १८२८ मध्ये सर जॉन माल्कम याच्या कारकिर्दीत सरकारी वनस्पतिउद्यान निघाले. १८३८ पासून डॉक्टर अलेक्झांडर गिब्सन त्याचा अधीक्षक होता. मुंबईत १८३० मध्ये कृषी व उद्यानविद्येची सभा स्थापन झाली, तिची बाग प्रथम शिवडीस होती, आणि १८६२ मध्ये भायखळ्याचे व्हिक्टोरिया उद्यान, म्हणजे आपली राणीची बाग, लोकांसाठी खुली झाली. नथॅनिएल वॉर्ड या लंडनच्या वैद्याने काचेची बंदिस्त पेटी शोधून काढली आणि १८३३ मध्ये अशा पेट्यांतून रोपे जिवंत स्थितीत सिडनीस पोहोचली, तेव्हापासून पृथ्वीवरचे कोणतेही झाड कोणत्याही बंदरात उतरवणे शक्य झाले. याच काळात, १८५६ च्या मे महिन्यात, कल्याणपासून पळसदरीपर्यंतचा लोहमार्ग सुरू होऊन बदलापूर त्या मार्गावर आले, आणि १८६३ मध्ये बोरघाट खुला झाल्यावर एकीकडे मुंबईची आर्द्र बाग आणि दुसरीकडे पुण्याची कोरडी बाग, या दोहोंच्या मधले हे एक ठाणे झाले. पुढे मुंबईच्या चाळींतून मोकळ्या हवेच्या ओढीने जी कुटुंबे येथे येऊन राहिली त्यांच्या सामानात गावाहून आणलेला अळूचा कंद, केळीचा पासंबा किंवा फडक्यात बांधलेली अबोलीची रोपे असणे अगदी स्वाभाविक होते.

त्याच सुमारास विलायतेत काय चालले होते? डर्बीशायरमध्ये चॅट्सवर्थ येथे ड्यूक ऑफ डेव्हनशायरचा बागप्रमुख जोसेफ पॅक्स्टन याने १८३० च्या दशकात काचगृहात एक बुटकी केळ वाढवून तिला घड आणला. ड्यूकच्या घराण्यावरून तिला कॅव्हेंडिश हे नाव मिळाले, आणि आपल्या जळगावची बसराई केळ याच कुळातली. पुढे पॅक्स्टनने तेथे ‘ग्रेट स्टोव्ह’ नावाचे प्रचंड काचगृह उभारले, ज्याच्या बाष्पित्रांना अहोरात्र कोळसा लागे. पहिल्या महायुद्धात कोळसा मिळेनासा झाला, आतील झाडे थंडीने मेली आणि १९२० मध्ये ती वास्तूही पाडून टाकण्यात आली. पॅक्स्टनच्या बुद्धिमत्तेविषयी मला नितांत आदर आहे. तरीही हे नमूद केले पाहिजे की जे हवामान त्याने लोखंड, काच आणि कोळसा यांच्या बळावर निर्माण केले, तेच, निराळ्या प्रमाणात, बदलापूरची गृहिणी मोरीचे पाणी, केळीचा आडोसा आणि पालापाचोळ्याचे आच्छादन यांच्या बळावर निर्माण करीत होती, आणि तिची योजना कोणत्याही युद्धाने बंद पडली नाही.

या सर्व कारागिरीत मला सर्वांत हृद्य वाटते ते चिकूचे कलम. चिकू मध्य अमेरिकेचा. आपल्या जुन्या ठाणे जिल्ह्यात घोलवड-डहाणूच्या किनाऱ्यावर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो रुजला, आणि २०१६ मध्ये तेथील चिकूस भौगोलिक मानांकनही मिळाले. बी पेरून लावलेला चिकू फळाला यायला फार वर्षे घेतो आणि फळ कसे निघेल याचा भरवसा नसतो. म्हणून त्याचे कलम रायणीवर, म्हणजे खिरणीवर, करतात. खिरणी ही आपल्याच रानातली, चिकूची जवळची आप्त, वाढीला अतिशय मंद परंतु मुळांनी खंबीर. तिचे रोप कुंडीत दोनेक वर्षे वाढवून ती कुंडी मचाण बांधून चिकूच्या फांदीशी नेऊन ठेवायची. दोहोंची साल अंगठ्याएवढ्या लांबीची, थोड्या लाकडासकट तासून, उघडी अंगे एकमेकांस भिडवून सुतळीने घट्ट आवळायची. आणि सांधा जुळेपर्यंत कुंडीला रोज पाणी घालीत राहायचे. दोन-तीन महिन्यांनी सांध्याखालून चिकूची फांदी आणि सांध्यावरून खिरणीचा शेंडा कापला, की भेटकलम सिद्ध झाले. बदलापूरच्या परसात जो चिकू उन्हाळा काढतो तो अशा रीतीने खिरणीच्या मुळांवर उभा असतो.

आणि ज्याला असल्या कशाचीच गरज पडली नाही ते जांभूळ. नदीकाठच्या गाळात आणि बांधावर ते आपोआप वाढले. आषाढाच्या पुरात त्याचे खोड बुडाले तरी ते मरत नाही आणि वैशाखातही त्याची सावली विरळ होत नाही. ज्येष्ठाच्या सुमारास ठाकूर आणि कातकरी स्त्रिया पळसाच्या पानांच्या द्रोणांतून ती टपोरी जांभळे विकावयास बसतात, आणि आता बदलापूरच्या जांभळालाही भौगोलिक मानांकनाचा मान मिळाला आहे. मात्र जांभळाला घराच्या परसात क्वचितच जागा मिळाली. ते न मागता मिळत होते, म्हणून कोणी लावले नाही. आणि कोणी लावले नाही म्हणून, रस्ते रुंद होताना व इमारती उठताना तोडलेल्या जांभळांच्या जागी नवी आली नाहीत. परदेशी चिकूची कलमे प्रत्येक रोपवाटिकेत मिळतात. बदलापूरच्या जांभळाची कलमे मात्र आता मुद्दाम करावी लागणार आहेत.

हवापालट माणसांचाही झाला. शेजारच्या कल्याण छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासित उतरले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या वसाहतीचे उल्हासनगर झाले. जेथे वर्षाकाठी दोनशे मिलिमीटरही पाऊस पडत नाही अशा सिंधमधून आलेल्या त्या लोकांनी लष्करी बराकींत कोकणचा पहिला पावसाळा कसा काढला असेल, याचा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. त्यापुढील दशकांत अंबरनाथ-बदलापुरात कारखाने आले, वालधुनी नदीचे पाणी नासले, विहिरी बुजल्या. मोरीचे पाणी चरातून न जाता भूमिगत गटारात जाऊ लागले, आणि त्याबरोबर अळू व केळ यांचे आयते पोषण संपले. आज कुळगाव, कात्रप, बेलवलीच्या इमारतींतील गॅलऱ्यांत लोक अँथुरियम, नेचे आणि नाना देशींची शोभेची झाडे लावतात, मे महिन्यात हिरवी जाळी ताणतात, कुंड्यांत नारळाचा भुसा भरतात आणि पश्चिमेच्या अंगाला एखादे सोनकेळीचे पिंप ठेवतात. बदलापूर गावात, नदीच्या बाजूला, काही जुन्या घरांमागे मूळचे परस अजून शिल्लक आहेत. त्यांतील प्रत्येक झाडाचे नाव, ते कोठून आले, कोणी लावले, त्याला पाणी कोठून मिळे, हे त्या घरांतील वृद्ध स्त्रियांना विचारून आताच लिहून घेतले पाहिजे. दप्तराने जे कधी टिपले नाही ते दुसरीकडे कोठेही नोंदलेले नाही.