३५ किलोमीटरला दोन दिवस लागणारा रस्ता: दगडांवर चढणाऱ्या फोर बाय फोर गाड्यांमध्ये नेमकं काय बदललेलं असतं?

पावसाळा लागला की एक रील हमखास आपल्या फीडमध्ये येते. दणकट फोर बाय फोर गाडी चिखलात फसलेली. आतला भिडू जीव खाऊन ॲक्सिलरेटर दाबतोय, एक चाक जागच्या जागी गरगर फिरतंय, बघ्यांच्या अंगावर चिखल उडतोय. शेवटी शेजारच्या शेतातला ट्रॅक्टर येतो आणि गाडी ओढून काढतो. खाली कमेंट ठरलेली, "फोर बाय फोर असून काय उपयोग?"

मग पुढची रील येते अमेरिकेतली. डायनिंग टेबलाएवढ्या दगडांवरून एक जीप चढतेय. पुढचं एक चाक हवेत, मागचं एक चाक खड्ड्यात, आणि वेग मुंगीचा. चाक घसरत नाही, चिखल उडत नाही, इंजिनाचा फार आवाजही नाही.

गाड्या दोन्ही फोर बाय फोरच. मग फरक कुठे पडतो? ड्रायव्हरचा हात असतोच, पण त्याआधी गाडीखाली वाकून बघावं लागतं.

आधी हा रस्ता कुठला ते बघू

अशा बऱ्याच रील्स येतात त्या कॅलिफोर्नियातल्या रुबिकॉन ट्रेलवरून. सिएरा नेवाडा डोंगररांगेत, लेक टाहो तलावाच्या पश्चिमेला हा रस्ता आहे. लांबी सुमारे २२ मैल, म्हणजे ३५ किलोमीटर. रस्ता म्हणायचं ते कागदोपत्री. १८८७ मध्ये तिथल्या एल डोराडो काउंटीने त्याला सार्वजनिक रस्ता म्हणून जाहीर केलं होतं आणि कायद्याने तो आजही रस्ताच आहे. प्रत्यक्षात मोठा भाग म्हणजे ग्रॅनाइटचे धोंडे, कपारी आणि दगडी पायऱ्या. हे ३५ किलोमीटर पार करायला लोक साधारण दोन दिवस धरून चालतात, मधे तंबू ठोकून मुक्काम करतात.

१९५३ मध्ये जॉर्जटाऊन या गावातल्या लोकांनी इथे जीपची पहिली सामूहिक सफर काढली. ५५ जीप आणि १५५ माणसं. महायुद्धानंतर स्वस्तात मिळणाऱ्या जीप लोकांच्या दारात होत्या आणि त्यांचं करायचं काय हा प्रश्नही होता. तिथून हा नाद वाढत गेला. इतका, की २००३ मध्ये जीप कंपनीने 'रँग्लर रुबिकॉन' नावाची गाडीच बाजारात आणली. पुढच्या आणि मागच्या दोन्ही एक्सलला लॉक, मजबूत एक्सल आणि नेहमीपेक्षा कितीतरी खोल लो गिअर. तोवर लोक गॅरेजमध्ये हजारो डॉलर घालून जे करून घेत होते, त्यातलं बरंच काही कंपनीनेच बसवून दिलं.

या यादीत इंजिनाची ताकद कुठेच नाही, हे लक्षात आलं का?

फोर बाय फोर फसते कशी?

गाडी वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, आतल्याला कमी. दोन्ही एकाच वेगाने फिरली तर टायर घासले जातील. म्हणून एक्सलच्या मध्यभागी डिफरन्शियल असतो. गाडीखाली वाकलं की एक्सलच्या दांड्यावर जो गोल फुगीर भाग दिसतो, तो. त्याच्यामुळे दोन चाकं वेगवेगळ्या वेगाने फिरू शकतात.

डांबरी रस्त्यावर हे वरदान आहे, पण चिखलात तेच नडतं. साधा डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच जोर देतो, आणि तो जोर ठरतो ज्या चाकाला पकड कमी आहे त्याच्यावरून. एक चाक हवेत गेलं की त्याला फिरायला जोर लागतच नाही. मग जमिनीवरच्या चाकालाही तेवढाच, म्हणजे जवळपास शून्य, मिळतो. हवेतलं चाक भन्नाट फिरतं आणि गाडी जागेवर.

फोर बाय फोर लावल्यावर इंजिनाचा जोर पुढच्या आणि मागच्या दोन्ही एक्सलला जातो, एवढंच. पण पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक एकाच वेळी अधांतरी झालं तर दोन्ही डिफरन्शियल हार मानतात. खाचखळग्यांच्या वाटेवर ही वेळ दर दहा-वीस फुटांवर येते. रीलमधली ती गाडी इथेच फसलेली असते.

उपाय म्हणजे डिफरन्शियल लॉक. लॉक लागला की दोन्ही चाकं एका दांड्याला वेल्डिंग केल्यासारखी एकत्र फिरतात. एक हवेत असलं तरी दुसरं ढकलत राहतं. आपल्याकडच्या फोर्स गुरखामध्ये पुढे-मागे दोन्हीकडे असे लॉक कंपनीतूनच मिळतात. महिंद्राने थारमध्ये मागच्या एक्सलसाठी मेकॅनिकल लॉक दिला आहे. दोन चाकांच्या वेगात फरक वाढला की तो आपोआप लागतो. लॉक लावून गाडी वळवणं मात्र जड जातं, आणि कोरड्या डांबरी रस्त्यावर तो चालू ठेवला तर एक्सलवर नको तेवढा ताण येतो. काम झालं की काढायचा.

कासव का जिंकतं

आता गिअरचं गणित. २००७ ते २०१८ या काळातल्या मॅन्युअल रँग्लर रुबिकॉनमध्ये पहिल्या गिअरचं गुणोत्तर ४.४६, ट्रान्सफर केसच्या लो रेंजचं ४ आणि एक्सलचं ४.१०. तिन्हींचा गुणाकार सुमारे ७३. म्हणजे इंजिन ७३ वेळा फिरतं तेव्हा चाक एकदा फिरतं.

इंजिन नुसतं आयडलला, समजा मिनिटाला साडेसातशे फेऱ्यांवर असेल, तर चाक मिनिटाला दहाच वेळा फिरेल. साधारण ३२ इंची टायर धरला तर वेग येतो ताशी दीड किलोमीटरच्या आसपास. बाजारात रमतगमत फिरणारा माणूस याच्यापेक्षा लवकर पुढे जातो. पण इंजिनाचा जोर तितक्याच पटीने वाढून चाकाला मिळतो. म्हणून ॲक्सिलरेटरला पाय न लावता गाडी धोंड्यावर चढते. वेगाने गेलं तर टायर उसळतो, पकड सुटते आणि परत आपटताना पूर्ण जोर एक्सलवर येतो. दगडाच्या वाटेवर एक्सल तुटण्याच्या कितीतरी घटनांमागे तो एक घाईत दाबलेला पाय असतो.

सगळ्यात स्वस्त बदल फुकट आहे

लोक लाखभर रुपये घालतात, पण जो बदल सगळ्यात आधी करायचा त्याला एक काडीही पुरते. टायरची हवा कमी करणे. रस्त्यावर ३० पीएसआयच्या आसपास हवा असते, कच्च्या खडतर वाटेवर ती १५ ते १८ पर्यंत आणतात. टायर खाली पसरतो, जमिनीला टेकणारा पट्टा लांब होतो आणि दगडाच्या टोकाभोवती रबर गुंडाळलं जातं. वाळूत तर हा फरक रुतणं आणि निघणं इतका असतो.

त्याखाली गेलं तर टायर रिममधून निसटायची भीती. त्यासाठी बीडलॉक नावाची रिम येते, तिच्यात टायरची कड बोल्ट लावलेल्या कड्याने आवळून धरलेली असते. मग दहाच्याही खाली हवा आणता येते. परतताना हवा भरायला कॉम्प्रेसर मात्र सोबत हवा. कमी हवेच्या टायरवर हायवेला ऐंशीच्या स्पीडने निघणं म्हणजे अपघाताला आवतण.

एक बदल दुसऱ्याला घेऊन येतो

आता मॉडिफिकेशन. इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे, की लिफ्ट किट लावलं म्हणजे गाडी उंच झाली, खालून काही घासणार नाही. लिफ्ट किटने बॉडी आणि चेसी वर जाते. पण सरळ दांड्याचा एक्सल असेल तर तो आणि त्याच्यावरचा डिफरन्शियल जिथल्या तिथे राहतो, कारण तो टेकलेला असतो टायरवर. डिफरन्शियल वर उचलायचा तर टायरच मोठा हवा. ३१ इंचांच्या जागी ३७ इंची टायर आला तर एक्सल निम्म्याने, म्हणजे ३ इंच वर जातो. लिफ्ट किट लागतं ते मुख्यतः हा मोठा टायर आत मावावा आणि चाकाला वर-खाली व्हायला जागा मिळावी म्हणून.

आणि टायर मोठा झाला की रांग लागते. गिअर जड पडतात, म्हणून एक्सलचे गिअर बदला. स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवायला लागतो. ब्रेकला जास्त वजनदार चाक थांबवावं लागतं. गाडी उंच झाल्याने प्रोपेलर शाफ्टचा कोन बिघडतो आणि जॉइंट लवकर जातात. जड टायर आणि लॉक यांचा एकत्र ताण मूळच्या एक्सल शाफ्टला पेलत नाही, म्हणून तेही बदला. गुरुत्वमध्य वर गेल्याने उतारावर गाडी कलंडायची शक्यता वाढते ती वेगळीच. जाणकार लोक त्यामुळे सुरुवात टायरने करत नाहीत. आधी गाडीखाली लोखंडी स्किड प्लेट आणि बाजूला रॉक स्लायडर, मग लॉक, मग बाकीचं.

स्नॉर्कलबद्दल एक वाक्य: तो इंजिनात पाणी जाऊ देत नाही, गाडीला होडी बनवत नाही.

जीव जातो तो इथे

आता थोडं गंभीर. या नादात गाडी उलटण्याइतकाच धोका फसलेली गाडी काढताना असतो, आणि रील्समध्ये नेमका तोच भाग सगळ्यात निष्काळजीपणे केलेला दिसतो.

ताणलेल्या दोरात प्रचंड ऊर्जा साठते. दोर किंवा हुक तुटला की तुटलेला लोखंडाचा तुकडा गोळीसारखा सुटतो. ट्रेलर ओढायच्या टो बॉलला पट्टा अडकवून झटका दिल्यावर तो गोळा तुटून उडाला आणि माणसं गेली, असं जगात अनेकदा झालेलं आहे. म्हणून टो बॉल किंवा बम्परला काहीही अडकवायचं नाही. चेसीला पक्क्या केलेल्या रिकव्हरी पॉइंटला, वजनाचा आकडा छापलेल्या शॅकलनेच जोडायचं.

विंच निवडताना गाडीच्या भरलेल्या वजनाच्या किमान दीडपट क्षमता धरतात. पण विंचवर लिहिलेला आकडा ड्रमवर दोराचा पहिलाच थर उरलेला असतानाचा असतो. वरच्या थरांवर ओढ कमी होत जाते. दोर एका कप्पीतून फिरवून परत गाडीला आणला तर ओढ जवळपास दुप्पट होते, वेग निम्मा. स्टीलच्या दोरापेक्षा सिंथेटिक दोर बरा, कारण तुटल्यावर तो तितका उसळत नाही. दोर कुठलाही असो, त्यावर जाड गोणपाट किंवा जड जॅकेट टाकायचं आणि बाकी सगळ्यांनी दोराच्या लांबीपेक्षा जास्त लांब उभं राहायचं. दोर ओलांडून पलीकडे जायचं नाही. मोबाईल घेऊन जवळ जायचं तर नाहीच.

गाडीत बसलेल्याने स्टिअरिंगच्या आत अंगठे घालायचे नाहीत. चाक दगडावर आदळलं की स्टिअरिंग झटक्यात फिरतं आणि अंगठा मोडतो. गाडी कलंडायला लागली तर हात बाहेर काढून जमिनीला टेकवायचा मोह होतो, तो हात गाडीखाली जातो. आणि खाली उभं राहून दिशा सांगणारा माणूस एकच असावा. पाच जण ओरडत असतील तर ड्रायव्हरने गाडी थांबवलेली बरी.

आपल्याकडे कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीमध्ये नोंदलेल्या आणि कंपनीने मूळ ठरवलेल्या गोष्टींशी विसंगत बदल करता येत नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही हेच स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ खाली अशा बदलासाठी मालकाला ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. पुढे लावायच्या क्रॅश गार्डवर कारवाई करा, असं केंद्राने राज्यांना डिसेंबर २०१७ मध्येच कळवलं होतं. शिवाय अपघात झाला तर विमा कंपनीला क्लेम नाकारायला आयतं कारण मिळतं.

गाडी मूळ रूपात असली तरी कुठेही घालता येते असं नाही. डिसेंबर २०२३ मध्ये लाहौलमध्ये ट्रॅफिक चुकवायला एकाने थार थेट चंद्रा नदीत घातली. व्हिडिओ व्हायरल झाला आणि पोलिसांनी त्याच व्हिडिओवरून चलान फाडलं. रुबिकॉनवरही हा प्रश्न आलाच. गाड्यांमुळे पाण्यात जाणारी माती, सांडलेलं ऑइल आणि उघड्यावरची घाण यांमुळे २००९ मध्ये तिथल्या पाणी गुणवत्ता मंडळाने काउंटी आणि वन विभागाला सफाईचा आदेश काढला. रस्ता बंद पडायची वेळ येऊ नये म्हणून स्वतः ऑफरोडर लोकांनी श्रमदान केलं, पूल आणि पाण्याच्या चाऱ्या बांधायला हात लावला. आता तिथे जाताना ऑइल शोषणारं साहित्य आणि शौचासाठीच्या पिशव्या सोबत न्या, असं बजावलं जातं.

आपल्याकडे हा खेळ कायद्याच्या चौकटीत बघायचा असेल तर गोव्यात २०१४ पासून सुरू झालेली रेनफॉरेस्ट चॅलेंज ही स्पर्धा आहे. मूळ स्पर्धा मलेशियातली, १९९७ ची. भर पावसात, आखून दिलेल्या टप्प्यांवर ड्रायव्हर आणि को-ड्रायव्हरची जोडी उतरते. त्यात ड्रायव्हर निदान सीटवर तरी बसलेला असतो. को-ड्रायव्हर मात्र विंचचा दोर खांद्यावर घेऊन कमरेएवढ्या चिखलातून झाड शोधत पळतो, झाडाला साल सोलली जाऊ नये म्हणून रुंद पट्टा गुंडाळतो, हुक लावतो, बाजूला होतो आणि मगच हात वर करून इशारा देतो.