सहा तास जुनी प्रत

31 जानेवारी 2017. प्रोग्रामरांचा कोड सांभाळणाऱ्या गिटलॅबचा डेटाबेस. वेळा यूटीसीच्या, आपलं घड्याळ साडेपाच तास पुढे.

संध्याकाळी 5:20, सहा तास उरले
एका अभियंत्याला चाचणीसाठी ताजा डेटा हवा आहे. अशी प्रत चोवीस तासांतून एकदा आपोआप निघते; तो थांबत नाही, हातानं काढतो आणि चाचणीच्या सर्व्हरवर उतरवतो.

7:00
डेटाबेसवर ताण वाढतो. स्पॅमचा संशय.

रात्री 11:00, अर्धा तास उरला
या ताणामुळे, मुख्य सर्व्हरची सतत नक्कल ठेवणारा दुय्यम सर्व्हर इतका मागे पडतो की त्याला लागणाऱ्या नोंदी मुख्य सर्व्हरवरून पुसल्या गेल्या आहेत. आता दुय्यमचं डेटा फोल्डर रिकामं करून सगळं पहिल्यापासून भरायचं. भरण्याची कमांड दिली, तर पडद्यावर एक अक्षर उमटत नाही. ती अडकलेली नसते. मुख्य सर्व्हरकडून डेटा यायची वाट पाहत असते, फक्त तसं सांगत नाही. दोष शोधायचाच तर मी आधी या मुक्या पडद्यापाशी थांबेन.

11:30
फोल्डरमध्ये जुन्या फायली राहिल्या असाव्यात, असं वाटून अभियंता ते पुसायची कमांड देतो. दुय्यमवर नाही, मुख्य सर्व्हरवर. एकदोन सेकंदांत ध्यानात येतं, तो कमांड तोडतो. सुमारे 300 जीबीपैकी साडेचार जीबी शिल्लक.

त्यानंतर
बॅकअपची शोधाशोध. अ‍ॅमेझॉनच्या साठवणीत रोजची प्रत असायला हवी. तिथे काहीच नाही. डेटाबेस पोस्टग्रेसच्या 9.6 आवृत्तीचा आणि बॅकअप घेणारं साधन 9.2 चं, त्यामुळे प्रत्येक वेळी काम अपयशी ठरत होतं. तशा सूचना ईमेलनं निघतही होत्या, पण प्रमाणीकरणाच्या त्रुटीमुळे त्या नाकारल्या जात होत्या. अ‍ॅझ्युअर या क्लाउड सेवेवरचे डिस्क स्नॅपशॉट डेटाबेस सर्व्हरसाठी चालूच केलेले नव्हते. घरच्या संगणकावरही हेच घडू शकतं: बाहेरच्या डिस्कवर प्रत असते, डिस्क एन्क्रिप्टही केलेली असते, आणि ती उघडायची रिकव्हरी की त्याच बंद पडलेल्या संगणकात असते. प्रत परत उतरवून पाहिल्याशिवाय हे कळत नाही.

उरली ती 5:20 ची प्रत. चाचणीच्या सर्व्हरच्या संथ डिस्कवरून ती आणायलाच तासन् तास लागले. दुरुस्तीचं काम यूट्यूबवर थेट दाखवलं गेलं, आणि त्या पारदर्शकतेबद्दल मला मनापासून आदर आहे.

1 फेब्रुवारी, संध्याकाळी 6:00
सेवा पूर्ववत. कोडची भांडारं सुरक्षित. मधल्या सहा-साडेसहा तासांतल्या डेटाबेसमधल्या नोंदी गेल्या. त्यात सुमारे 5,000 प्रकल्प, 5,000 प्रतिक्रिया आणि 700 नव्या सदस्यांची खाती. कंपनीनं नंतर केलेल्या कारणमीमांसेत मान्य केलं की बॅकअप तपासणं ही कुणा एकाची जबाबदारी नव्हती. पुढच्या कामांच्या यादीत त्यांनी एक काम घातलं: बॅकअप परत उतरवून पाहण्याची स्वयंचलित चाचणी.