जुन्या डिझेल इंजिनाची परीक्षा

जुनी डिझेल जीप विकत घ्यायची असली की गावोगावचे मिस्तरी ठरावीक परीक्षा घेतात. इंजिन रात्रभर थंड पडलेले असताना ते सुरू करून पाहतात. धुराचा रंग पाहतात. चालू इंजिनाचे ऑइल भरायचे झाकण काढून तिथून धुराचे भपकारे येतात का, ते बघतात. या परीक्षा अनुभवातून आल्या आहेत. पण प्रत्येकीच्या मागे डिझेल इंजिनाच्या इतिहासातले एखादे प्रकरण दडलेले आहे. ते माहीत असेल तर परीक्षेचा अर्थ नीट कळतो आणि कोणत्या इंजिनाला कोणती परीक्षा लावायची हेही समजते.

ठिणगीशिवाय आग

सायकलच्या पंपाचे तोंड बोटाने दाबून दांडा जोरात आत ढकलला, तर पंपाचे टोक गरम लागते. हवा दाबली की तापते. ती मूळ आकारमानाच्या विसाव्या भागात झटकन कोंडली, तर तापमान ५०० अंश सेल्सिअसच्या वर जाते. डिझेल तेल पेटायला दोनशेहून थोडे अधिक अंश पुरतात. तेव्हा अशा हवेत तेलाचा फवारा सोडला की ते आपोआप पेटते. पेट्रोल इंजिनासारखी ठिणगी लागत नाही.

रुडॉल्फ डिझेल हा म्युनिकमध्ये कार्ल फोन लिंड यांचा विद्यार्थी होता. वाफेचे इंजिन कोळशातली बहुतेक उष्णता वाया घालवते, हे त्याने त्यांच्याच व्याख्यानांत ऐकले होते. १८९२ मध्ये त्याने आपल्या इंजिनाच्या पेटंटसाठी अर्ज केला. ऑगस्ट १८९३ मध्ये आउग्सबुर्गच्या कारखान्यात पहिली चाचणी झाली. तेल पेटले खरे, पण दाब मोजण्याचे उपकरणच फुटले. पुढे साडेतीन वर्षे खटपट चालली. १७ फेब्रुवारी १८९७ रोजी प्राध्यापक मोरित्झ श्रोटर यांनी घेतलेल्या चाचणीत इंजिनाची कार्यक्षमता २६.२ टक्के भरली. त्या काळच्या बहुतेक वाफेच्या इंजिनांना याच्या निम्मीही गाठता येत नव्हती.

मिस्तरींच्या पहिल्या आणि शेवटच्या परीक्षा इथूनच निघतात. डिझेल इंजिन म्हणजे न गळणारे भांडे. पिस्टनच्या रिंगा झिजल्या, सिलिंडर घासला, की दाबताना हवा निसटते. मग दाब कमी, म्हणून तापमानही कमी. त्यात इंजिन थंड असेल तर धातूच बरीच उष्णता शोषून घेतो, आणि सकाळी इंजिन सुरू व्हायला कुरकुरते. निसटलेले वायू खाली ऑइलच्या भागात शिरतात आणि झाकण काढताच बाहेर पडतात. मिस्तरी याला ‘बॅक कॉम्प्रेशन’ म्हणतात. एक लक्षण वरचे, दुसरे खालचे, रोग एकच.

केसाहून बारीक फट

डिझेलच्या पहिल्या इंजिनांत तेलाचा फवारा दाबलेल्या हवेच्या झोताने मारत. त्यासाठी वेगळा कॉम्प्रेसर लागे. कारखान्यात किंवा जहाजावर ते चाले, पण मोटारीला एवढे ओझे झेपणारे नव्हते. रॉबर्ट बॉश यांच्या कंपनीने १९२२ मध्ये हवेशिवाय थेट तेल दाबणाऱ्या पंपावर काम सुरू केले आणि १९२७ पासून तो मोठ्या प्रमाणावर बनू लागला. मग डिझेल ट्रक वाढले, आणि १९३६ मध्ये मर्सिडीज-बेंझची २६० डी ही डिझेल मोटार बर्लिनच्या प्रदर्शनात आली.

या पंपातला दट्ट्या आणि त्याची नळी यांच्यातली फट मिलिमीटरच्या दोन-तीन हजारांशाएवढीच असते. आपला केस याच्या वीसपट तरी जाड. तिथे रबराची सील नाही. डिझेल तेलच फट भरते आणि वंगणही करते. म्हणून तेलातले पाणी आणि धूळ हे या पंपाचे वैरी. डिझेल फिल्टर वेळच्या वेळी बदलला का, हा प्रश्न म्हणूनच फार महत्त्वाचा आहे. धुराची परीक्षाही इथेच कामी येते. काळा धूर म्हणजे तेल जास्त किंवा हवा कमी. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे. पांढरा धूर टिकून राहिला, तर तेल न पेटताच बाहेर पडते आहे किंवा पाणी आत येते आहे.

पेट्रोलच्या आराखड्यावरचे डिझेल

अमेरिकेत जनरल मोटर्सच्या ओल्ड्समोबिल विभागाने १९७८ च्या मॉडेलपासून ५.७ लिटरचे डिझेल इंजिन विकायला काढले. ब्लॉक भक्कम केला होता, पण मूळ आराखडा पेट्रोल इंजिनाचा होता. डिझेलमध्ये हवा २२ पटींहून अधिक दाबली जात होती. हेड आवळणाऱ्या बोल्टांची संख्या आणि जागा मात्र पेट्रोल इंजिनाचीच ठेवली होती. बोल्ट ताणले, हेड गॅस्केट गेले, पाणी सिलिंडरमध्ये शिरले. तेलातले पाणी वेगळे करणारे भांडेही नव्हते, त्यामुळे पंप गंजले. १९८५ नंतर हे इंजिन बंद झाले. पण तोवर अमेरिकन ग्राहकांच्या मनातून डिझेल मोटार उतरली होती.

यातून खरेदीदाराने घ्यायचा धडा असा : इंजिन मुळात कशासाठी घडवले होते, हे आधी विचारावे.

जीपची कहाणी

१९४१ ची विलीज जीप आणि १९४८ ची लँड रोव्हर या दोन्ही पेट्रोलवरच धावत. लँड रोव्हरला डिझेल इंजिन १९५७ मध्ये मिळाले. आपल्याकडे महिंद्र यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलीज जीपची जोडणी सुरू केली. पुढे पेट्रोल महागले आणि जीपला डिझेल इंजिन हवेसे झाले. १९७९ मध्ये महिंद्रने फ्रान्सच्या पेजो कंपनीकडून एक्सडीपी ४.९० या इंजिनाचा परवाना घेतला. नावातच त्याची ओळख आहे : चार सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ९० मिलिमीटर. एकूण आकारमान २११२ घन सेंटिमीटर.

चारही चाकांना जोर देणाऱ्या गाडीच्या इंजिनाचे वय किलोमीटरवरून कळत नाही. लो गिअर लावला की चाके दोन-अडीच पट हळू फिरतात. इंजिन मात्र पूर्वीइतकेच फिरत राहते. चिखलात तासभर झुंजलेली गाडी मीटरवर चार-पाच किलोमीटर दाखवते. ट्रॅक्टरला म्हणूनच तासांचे मीटर असते.

दुसरा धोका ओढ्याच्या पाण्याचा. वर्गात एक हिशेब करून पाहू या. २११२ ला चारने भागले तर एका सिलिंडरचे ५२८ घन सेंटिमीटर येतात. हवा २२ पट दाबली जाते असे धरले, तर पिस्टन वर आल्यावर उरलेली जागा ५२८ भागिले २१, म्हणजे सुमारे २५ घन सेंटिमीटर. हे झाले चहाचे पाच चमचे! एवढे पाणी हवेच्या नळीतून आत गेले तर पिस्टनला वर जायला जागाच उरत नाही, कारण पाणी हवेसारखे दबत नाही. कनेक्टिंग रॉड वाकतो. थोडासा वाकलेला रॉड काही महिने चालतोही, आणि तेवढ्यात गाडी विकली जाते.

संगणक आल्यावर

१९९७ मध्ये आल्फा रोमिओ १५६ या मोटारीबरोबर कॉमन रेल पद्धत बाजारात आली. त्यात तेल १३०० पटींहून अधिक वायुदाबाखाली एका नळीत साठते आणि संगणक ठरवतो त्या क्षणी फवारले जाते. भारतात १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ लागू झाले. तेव्हापासून नव्या डिझेल मोटारींत धुरातली काजळी अडवणारी गाळणीही आली. आवाज घटला, धूर जवळजवळ दिसेनासा झाला. पण त्याबरोबर मिस्तरींच्या जुन्या खुणाही पुसट झाल्या. एखादा इंजेक्टर थोडा बिघडला तरी संगणक काही काळ सांभाळून घेतो आणि काजळी गाळणीत अडकते. अशा गाडीची तपासणी डोळ्यांनी पुरी होत नाही. संगणकातल्या नोंदी वाचून घ्याव्या लागतात आणि सर्व्हिसची कागदपत्रे पाहावी लागतात.

शंभर वर्षांत डिझेल इंजिनाची एकेक अडचण सुटत गेली, पण प्रत्येक वेळी त्याची नाजूक जागा दुसरीकडे सरकली : रिंगांकडून पंपाकडे, हेडकडे, मग इंजेक्टर आणि संगणकाकडे. ‘डिझेल इंजिन दणकट असते’ या एका वाक्यावर विसंबून पैसे मोजण्याआधी गाडी कोणत्या काळातली आहे, ते पाहावे. जुनी असेल तर सकाळी लवकर जावे आणि आधी बॉनेटखाली इंजिनाला हात लावून बघावा. मालकाने ते आधीच गरम करून ठेवले असेल, तर काही न बोलता दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे.