एका खोट्या चिठ्ठीची गोष्ट : रानपिंगळा आणि आपल्या नोंदी

तुम्ही संशोधनाची तयारी करताय, म्हणजे कधी ना कधी एखाद्या प्रजातीच्या नोंदी इंटरनेटवरून डाउनलोड करणारच. नकाशावर ठिपके दिसतात, प्रत्येक ठिपका म्हणजे एक नोंद. पण त्या ठिपक्यावर विश्वास किती ठेवायचा? आपल्या खानदेशातल्या रानपिंगळ्याची गोष्ट इथे उपयोगी पडते.

१८७३ मध्ये ए. ओ. ह्यूम यांनी (हो, काँग्रेसच्या स्थापनेतले तेच!) या छोट्या घुबडाचं पहिलं वर्णन प्रसिद्ध केलं. त्यांचा नमुना आजच्या छत्तीसगडमधला होता. पुढे खानदेशात जेम्स डेव्हिडसन या मुलकी अधिकाऱ्याने आणखी काही नमुने गोळा केले, शेवटचा १८८४ मध्ये. त्यानंतर पक्षी जणू गायबच झाला. उरले ते संग्रहालयांतले सात नमुने. त्यांतल्या एकाच्या चिठ्ठीवर मात्र गुजरातेतलं तापीकाठचं मांडवी आणि १९१४ हे साल होतं. संग्राहक, कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन. साहजिकच तीच ‘शेवटची नोंद’ मानली गेली.

पामेला रासमुसेन यांनी हे नमुने बारकाईने तपासले. १९१४ चा नमुना मुळात डेव्हिडसन यांचाच निघाला! संग्रहालयातून चोरलेला, पुन्हा भरून शिवलेला, नवी चिठ्ठी लावलेला. त्यामुळे शोध घेताना त्यांनी मांडवी बाजूला ठेवलं आणि जुन्या खऱ्या जागा गाठल्या. नोव्हेंबर १९९७ मध्ये सातपुड्याच्या पायथ्याशी, शहाद्याजवळ रानपिंगळा जिवंत दिसला. ११३ वर्षांनी!

आता गंमत बघा. पुढे गुजरातेतल्या डांगातही हा पक्षी सापडला. म्हणून माइनर्ट्झहागेनची नोंद खरी ठरते का? नाही. पक्षी त्या राज्यात असणं वेगळं आणि अमुक माणसाला अमुक दिवशी तो तिथे मिळणं वेगळं. नोंद म्हणजे हा दुसरा दावा.

डिजिटल नोंदींनाही हेच लागू होतं. २००१ मध्ये जीबीआयएफ सुरू झालं आणि जगभरच्या संग्रहालयांच्या नोंदी एका ठिकाणी येऊ लागल्या. २००९ मध्ये ‘डार्विन कोअर’ हा मांडणीचा प्रमाणित नमुना ठरला. त्यात नोंद नमुन्यावरून आहे की नुसत्या निरीक्षणावरून, चिठ्ठीवरचे मूळ शब्द काय आहेत, स्थान किती मीटरने चुकू शकतं, अशा सगळ्यांसाठी वेगवेगळे रकाने आहेत. घाईत आपण फक्त अक्षांश-रेखांश उचलतो आणि बाकीचे रकाने उडवून टाकतो. तिथेच फसतो.

शहादा तालुकाच घ्या. डेव्हिडसनच्या वेळी जिल्हा होता खानदेश. १९०६ मध्ये त्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. १९९७ मध्ये शहादा धुळे जिल्ह्यात होतं, १९९८ पासून नंदुरबारमध्ये आहे. जुन्या चिठ्ठीवर नुसतं ‘खानदेश’ असेल आणि कोणी जिल्ह्याच्या मधोमध ठिपका टाकला, तर तो ठिपका दिसतो नेमका, पण त्याला अर्थ नसतो.

म्हणून सुरुवातीपासून तीन सवयी लावून घ्या. मूळ शब्द कधी पुसू नका, दुरुस्ती शेजारच्या रकान्यात करा. अनिश्चितता आकड्यात लिहा. आणि ज्या एका नोंदीवर तुमचा निष्कर्ष उभा आहे, तिचा नमुना किंवा निदान त्याचा फोटो स्वतः बघा. खोटी चिठ्ठी डिजिटल केली म्हणून खरी होत नाही, फक्त जास्त लोकांपर्यंत पोहोचते.