यंत्राचा कौल आणि जाणत्याचा सल्ला

यंत्राच्या सल्ल्यावर विसंबावे की जाणत्या माणसाकडे जावे, हा प्रश्न कालपरवाचा आहे असा पुष्कळांचा समज आहे. वस्तुतः त्याला पन्नास वर्षे होत आली, आणि त्याची एक कसोशीची परीक्षाही होऊन गेली आहे. तिची हकीकत आम्हांस येथे सांगावयाची आहे.

१९७० नंतरच्या दशकात अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात एडवर्ड शॉर्टलिफ व त्यांचे सहकारी यांनी 'मायसिन' नावाची संगणकप्रणाली रचली. रक्तातील जंतुसंसर्ग आणि मेंदूच्या आवरणाचा दाह, एवढाच तिचा प्रांत. तज्ज्ञांकडून मिळविलेले 'असे असेल तर तसे' या घडणीचे काहीशे नियम तिच्यात भरलेले होते. ती प्रश्न विचारी, डॉक्टर उत्तरे देत जाई. आणि 'हे का विचारतेस?' असे त्याने उलट विचारले, तर ती आपला नियम उघड करून दाखवी. हा गुण आम्हांस फार मोलाचा वाटतो. आजच्या बोलक्या यंत्रांपाशी तो त्या अर्थाने नाही.

१९७९ साली तिच्या परीक्षेचा निकाल प्रसिद्ध झाला. मेंदूच्या आवरणाच्या दाहाच्या १० रोग्यांची माहिती घेऊन मायसिनने, विद्यापीठातील ५ अध्यापकांनी व इतरांनी उपचार सुचविले. कोणता उपचार कोणाचा हे कळू न देता ८ तज्ज्ञांकडून ते तपासून घेतले. मायसिनचे उपचार शेकडा ६५ वेळा ग्राह्य ठरले. अध्यापकांतील सर्वांत वरचा आकडा ६२.५ होता. मग डॉक्टर हवाच कशाला, असे कोणीही म्हणेल.

त्याचे उत्तर १९८४ मध्ये त्याच विद्यापीठातील जॉन मॅकार्थी यांनी दिले. 'कृत्रिम बुद्धिमत्ता' हे ज्या इंग्रजी नावाचे भाषांतर, ते नाव देणारे हेच गृहस्थ. तेव्हा त्यांना यंत्राचे वैरी कोणी म्हणणार नाही. आतड्यात पटकीचे जंतू असलेला रोगी मायसिनपुढे ठेवला, तर ती दोन आठवडे टेट्रासायक्लिन द्या म्हणेल, आणि दुसरे काहीच सांगणार नाही. जंतू मरतील खरे. पण रोगी त्याच्या कितीतरी आधी गेलेला असेल! पटकीत माणूस दगावतो तो अंगातील पाणी व क्षार निघून गेल्यामुळे. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनोबीस यांनी मीठसाखरेच्या पाण्यावर असंख्य रोगी वाचविले होते. मायसिनला ते कोणी शिकविले नव्हते. आणि आपल्याला ते ठाऊक नाही, हेही तिला ठाऊक नव्हते.

म्हणून यंत्र हुशार किती, या चौकशीत आम्हांस फारसे स्वारस्य नाही. त्याच्या प्रांताची शीव कोणी आखली आहे काय, आणि त्याचे उत्तर पडताळावयास त्याच्याबाहेरची जागा आहे काय, हे आधी पाहावे.

२०२३ मध्ये न्यूयॉर्क येथे दोन वकिलांनी असे पाहिले नाही. बोलक्या यंत्राने रचलेले, कधीच न झालेले निवाडे त्यांनी न्यायालयापुढे ठेवले. हे निवाडे खरे आहेत ना, असे एकाने विचारलेही होते. पण विचारले त्याच यंत्राला, आणि त्याने खुशाल 'होय' म्हटले. विरुद्ध पक्षाला ते कोठेच सापडेनात, तेव्हा बिंग फुटले. न्यायाधीशांनी ५,००० डॉलर दंड केला, आणि ज्या न्यायाधीशांच्या नावावर ते बनावट निवाडे घातले होते, त्या प्रत्येकास पत्र लिहून ही गोष्ट कळविण्यास फर्माविले.